ख्रिस्तोफर लीचे जुने ड्रॅक्युला चित्रपट आज बघण्यासारखे आहेत का? कुठून सुरुवात करावी?

बघण्यासारखे आहेत, पण सरसकट सगळे नाहीत. आणि फक्त लीसाठी बसणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, थोडा हिरमोड होईल. 'हॅमर' कंपनीच्या या मालिकेत ड्रॅक्युला स्वतः फार कमी वेळ दिसतो. मी ही मालिका नुकतीच पुन्हा क्रमाने बघून काढली. कॉलेजात असताना सुळे, लाल डोळे आणि काळा झगा एवढ्यासाठीच बघायचो. या वेळी मात्र माझी नजर सतत दुसऱ्याच माणसावर जात होती: पीटर कुशिंग, म्हणजे ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग. तो ज्या भागांत आहे ते आजही उभे राहतात. तो नाही तिथे 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'चा अपवाद सोडला, तर मालिका लंगडते. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच, बाकी तपशील.

आधी थोडी पार्श्वभूमी. हॅमर ही छोटी ब्रिटिश कंपनी. थेम्स नदीच्या काठी ब्रे इथे एका जुन्या बंगल्यात त्यांचा स्टुडिओ होता. १९५७ साली त्यांनी कुशिंग आणि लीला घेऊन फ्रँकेन्स्टाइनची कथा रंगीत केली, ती जोरात चालली, म्हणून पुढच्याच वर्षी 'ड्रॅक्युला' आला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँग्स्टरची. बजेट बेताचं, त्यामुळे कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन तोच सेट फिरवून फिरवून वापरायचा. जिना तोच, खांब तेच, पडदे बदलले की वाडा नवा. एकदा हे लक्षात आलं की पुढच्या भागांत जुने खांब ओळखत बसणं हा एक वेगळाच खेळ होतो.

सुरुवात १९५८च्या 'ड्रॅक्युला'पासूनच करा. यात ली सुरुवातीला वाड्यावर आलेल्या पाहुण्याचं, जोनाथन हार्करचं, स्वागत करतो, त्याला खोली दाखवतो, अगदी सभ्य जमीनदारासारखं बोलतो. त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. सहा फूट पाच इंचांचा हा माणूस नुसता उभा राहण्यातून, झगा सावरण्यातून आणि दार उघडून आत येण्यातून काम भागवतो. ग्रंथालयातल्या प्रसंगात दार धाडकन उघडतं, तोंडाला रक्त लागलेलं, डोळे लालभडक, आणि पुढच्या क्षणी तो टेबलावरून झेप घेतो. मगाशी सभ्यपणे बोलणारा माणूस हाच, यावर विश्वास बसायला एक क्षण जातो. त्या लाल कॉन्टॅक्ट लेन्समुळे लीला धड दिसायचंही नाही. १९३१च्या कृष्णधवल चित्रपटात ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचे सुळे कधी दिसलेच नव्हते. इथे ते रंगीत आणि रक्ताळलेले समोर आले. शिवाय जेम्स बर्नार्डचं संगीत: 'ड्रॅ-क्यु-ला' या तीन अक्षरांवरच त्याने मुख्य सुरावट बांधली आहे. एकदा कानात बसली की जात नाही.

आता कुशिंगकडे बघा. स्मशानातला प्रसंग आहे. हार्करची वाग्दत्त वधू लूसी व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं पिशाच, झाली आहे आणि मोलकरणीच्या लहान मुलीला, तान्याला, रात्री हाताला धरून तिथे घेऊन आली आहे. व्हॅन हेल्सिंग क्रूस पुढे करून लूसीला परतवतो. तिच्या कपाळावर डाग उठतो, ती किंचाळत थडग्यात पळते. एखाद्या साध्या भयपटात नायक लगेच मेख आणि हातोडा घेऊन तिच्या मागे धावला असता. कुशिंग आधी त्या मुलीकडे जातो. आपला फरची कॉलर असलेला कोट काढून तिला गुंडाळतो, आता तू टेडी बेअरसारखी दिसतेस असं हसून म्हणतो, गळ्यात क्रूस घालतो आणि सूर्य उगवताना बघत बस म्हणून सांगतो. एवढं झाल्यावर उठतो आणि आत जाऊन लूसीच्या छातीत मेख ठोकण्याची तयारी करतो. आवाज तोच, चेहऱ्यावरची माया मात्र गेलेली. हा बदल त्याने एका ओळीचाही आधार न घेता केला आहे. मी तो भाग मागे नेऊन परत बघितला.

शेवटची मारामारीही त्याचीच देन. मूळ पटकथेत व्हॅन हेल्सिंग खिशातून आणखी एक क्रूस काढणार होता. कुशिंगला वाटलं, चित्रपटभर मी खिशाखिशातून क्रूस काढतोय, क्रूस विकणारा फिरता विक्रेता वाटेन. म्हणून त्याने सुचवलं की लांब टेबलावरून धावत जाऊन खिडकीच्या पडद्यावर उडी घ्यायची, सूर्यप्रकाश आत आणायचा, आणि दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करायचा. उडी स्टंटमनने मारली, पण कल्पना त्याची. आज हा प्रसंग भयपटांच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या शेवटांपैकी एक मानला जातो.

यानंतर 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' (१९६०). गंमत म्हणजे नावात ड्रॅक्युला असूनही यात तो नाहीच. खलनायक बॅरन माइनस्टर, काम डेव्हिड पीलचं. बरेच जण म्हणूनच हा भाग टाळतात. टाळू नका. यात खुद्द व्हॅन हेल्सिंगलाच चावा बसतो. तो शुद्धीवर येतो, मानेला हात लावून बघतो आणि काय झालंय ते त्याला कळतं. मग शेगडीत लोखंडी सळई लाल होईपर्यंत तापवतो आणि स्वतःच्या हाताने मानेवर डाग देतो. वरून पवित्र पाणी ओततो. कुशिंगचा चेहरा वेदनेने असा पिळवटतो की आपणही श्वास धरून बसतो. पवनचक्कीच्या पात्यांच्या सावलीचा शेवटही झकास आहे. एक खोड मात्र काढतोच: पहिल्या भागात व्हॅन हेल्सिंग स्वतः सांगतो की व्हॅम्पायर वटवाघूळ होतात हा गैरसमज आहे, आणि इथे बॅरन खुशाल वटवाघूळ होऊन उडतो. आमच्यासारखे चाहते यावर वाद घालण्यात रात्री घालवतात.

'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९६६) मध्ये ली परतला, पण कुशिंग फक्त सुरुवातीला दाखवलेल्या जुन्या चित्रपटाच्या तुकड्यात दिसतो. या भागात लीला एकही संवाद नाही, नुसतं फुत्कारणं. ली म्हणायचा, संवाद इतके भिकार होते की मीच ते बोलायला नकार दिला. सँग्स्टर म्हणायचा, मी त्याला संवाद लिहिलेच नव्हते. माझा कल सँग्स्टरकडे आहे, कारण पटकथेची बांधणीच तशी वाटते. अर्धा चित्रपट होत येतो तेव्हा कुठे ड्रॅक्युला उठतो. नोकर क्लोव्ह एका पाहुण्याला शवपेटीवर उलटं टांगून त्याचं रक्त ड्रॅक्युलाच्या राखेवर सोडतो, आणि राखेतून हळूहळू हात आकार घेतो. इथला खरा मान मात्र बार्बरा शेलीचा. आधी घाबरट, कडक शिस्तीची बायको, मग मोकळे केस सोडलेली व्हॅम्पायर. मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरून मेख ठोकतात तो प्रसंग फार अस्वस्थ करतो. तिथे भीती तिची वाटत नाही, साधूंची वाटते.

मधले तीन भाग झटपट सांगतो. 'ड्रॅक्युला हॅज रिझन फ्रॉम द ग्रेव्ह' (१९६८) दिसायला सुंदर, त्यातल्या छपरांवरच्या पळापळीसाठी बघा. 'टेस्ट द ब्लड ऑफ ड्रॅक्युला' (१९७०) मला आवडतो, कारण त्यातले वरून सोज्वळ आणि आतून लंपट असे प्रतिष्ठित बाप कोणत्याही गावात ओळखू येतील. त्याच वर्षीचा 'स्कार्स ऑफ ड्रॅक्युला' सोडून दिलात तरी चालेल. त्यातली रबरी वटवाघळं बघून माझ्या भाचीने हसून हसून पोट धरलं.

मग ली इतकी वर्षं हे का करत राहिला? त्याने पुढे मुलाखतींमधून सांगितलंय की तो दर वेळी नाही म्हणायचा आणि हॅमरवाले दर वेळी गळ घालायचे: तुझं नाव सांगून चित्रपट विकून बसलोय, तू नाही म्हणालास तर किती जणांच्या पोटावर पाय येईल याचा विचार कर. तो विरघळायचा. काही प्रसंगांत त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा लपत नाही. ड्रॅक्युलाला तो शोभतो, ही गोष्ट वेगळी.

'ड्रॅक्युला ए.डी. १९७२' वर सगळे हसतात. लंडनमधली हिप्पी पोरं, पार्ट्या, त्यात जॉनी अलुकार्ड नावाचा तरुण (नाव इंग्रजीत लिहून उलटं वाचा!). ड्रॅक्युलाला विसाव्या शतकात आणलं आणि पडक्या चर्चच्या आवाराबाहेर पाऊलही टाकू दिलं नाही, हा माझाही राग आहे. तरीही हा भाग माझ्या यादीत वर आहे, कारण कुशिंग परत येतो. त्याची पत्नी हेलन जानेवारी १९७१ मध्ये गेली. तो इतका खचला आणि काही महिन्यांत इतका म्हातारा दिसू लागला, की नायिका जेसिकाचा बाप म्हणून लिहिलेली भूमिका बदलून आजोबाची करावी लागली. गाल बसलेत, हात काटकुळे झालेत. पण नातीला वाचवण्यासाठी तो धावतो तेव्हा त्यात कुठेही पाट्या टाकणं नाही. समोरचे संवाद कितीही पोरकट असोत, कुशिंग ते खरे मानून बोलतो.

पडद्यावरचे हे हाडवैरी प्रत्यक्षात जिवलग दोस्त होते. वीसहून जास्त चित्रपटांत एकत्र, वाढदिवसही लागोपाठ, २६ आणि २७ मे. ली एक किस्सा नेहमी सांगायचा. फ्रँकेन्स्टाइनच्या वेळी त्याने कुशिंगच्या खोलीत शिरून तक्रार केली, मला एकही संवाद नाही. कुशिंग शांतपणे म्हणाला, नशीबवान आहेस, मी पटकथा वाचली आहे. १९९४ च्या मे महिन्यात हॅमरवरच्या माहितीपटासाठी दोघांनी एकत्र निवेदन केलं, आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला कुशिंग गेला. ली २०१५ पर्यंत जगला. तरुण पिढीला तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सारुमान म्हणून माहीत, पण स्वतःचं सर्वांत महत्त्वाचं काम तो १९९८च्या 'जिना' या चित्रपटातली जिनांची भूमिका असं सांगायचा. त्यात आपला शशी कपूरही आहे. ड्रॅक्युला म्हणून ओळखला जाणारा माणूस जिना करणार म्हटल्यावर पाकिस्तानात गदारोळ झाला होता.

रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' (१९९०) तुम्ही बघितला असेल, तर हॅमर बघताना बरंच काही ओळखीचं वाटेल. त्यातला नेवला नावाचा उंचापुरा पिशाच, त्याचा झगा, त्याचे लाल डोळे, सगळं इथूनच आलंय. नेवला झालेला अजय अगरवाल शिक्षणाने इंजिनिअर, आणि संवाद त्यालाही नावापुरतेच. त्या उंचीला बोलायची गरज पडत नाही, हे रामसेंनाही कळलं होतं.

तर क्रम असा ठेवा: १९५८, मग 'ब्राइड्स', मग 'प्रिन्स ऑफ डार्कनेस', मग जमल्यास 'टेस्ट द ब्लड' आणि '१९७२'. 'द सॅटॅनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला' हा लीचा या मालिकेतला शेवटचा, त्यात ड्रॅक्युला चक्क काटेरी झुडपात अडकून मरतो. ते बघायचं की नाही तुम्ही ठरवा. पहिला चित्रपट मात्र २०१२ साली दुरुस्त केलेल्या आवृत्तीतच शोधा. सेन्सॉरने कापलेले काही तुकडे टोकियोतल्या चित्रपट-संग्रहातल्या जुन्या रिळांत सापडले आणि ते परत जोडले गेले. ड्रॅक्युला विरघळताना स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो तो तुकडा त्यातच आहे. या आवृत्तीचे रंग निळसर झालेत म्हणून काही चाहते कुरकुरतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही, त्या तुकड्यासाठी तेवढा निळेपणा चालवून घेईन.