तबक कोणाच्या हाती, टेप कोणाच्या?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील मैदानी स्पर्धेत आम्ही महाविद्यालयातील मुले-मुली दोन दिवस स्वयंसेवक होतो. मुलगे धावपट्टीवर आणि लांब उडीच्या खड्ड्यापाशी होते. आम्हा मुलींकडे नावनोंदणी, चहापान आणि बक्षीस समारंभात पदकांचे तबक धरणे एवढेच आले. कोणीच तक्रार केली नाही, पण मला ते खटकले. सगळीकडे असेच असते का? येत्या डिसेंबरात आमच्या मंडळाची अर्धमॅरेथॉन असून स्वयंसेवकांना कामे वाटून देण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुतेक ठिकाणी असेच असते. २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या) स्पर्धांपासून २०२३ च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपर्यंत गोव्याने मोठी आयोजने पाहिली आहेत, आणि अशा आयोजनांत मुली पुढे येत नाहीत असे म्हणण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो कामाच्या वाटणीत. पंचगिरी, मोजमाप आणि तांत्रिक कामे पुरुषांकडे, तर स्वागत, खानपान आणि कचेरीची कामे स्त्रियांकडे जाण्याचा कल इतर देशांतील अभ्यासकांनीही नोंदवला आहे.

तुम्ही लांब उडीचा उल्लेख केला म्हणून तेच उदाहरण घेतो. टेपचे शून्याचे टोक वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेवर धरायचे, टेप उडीच्या रेषेशी काटकोनात ताणायचा आणि आकडा फळीपाशी वाचायचा, हे पंधरा मिनिटांत शिकता येते. त्याला ना ताकद लागते, ना मिशा. मात्र ज्याच्या हाती आज टेप असतो, त्यालाच पुढच्या वर्षी पंचांच्या परीक्षेला बसण्याचे सुचते. तबक धरणाऱ्या मुलीकडे स्पर्धा संपल्यावर छायाचित्र उरते. (तबक धरायला मुलगा का चालत नाही, हे मला आजवर कोणी पटेल असे सांगितलेले नाही.)

म्हणून अर्जात ‘पूर्वी कोणते काम केले आहे?’ एवढेच विचारू नका, कारण त्या उत्तरावरून जुनीच वाटणी पुन्हा होते. ‘कोणते काम शिकायचे आहे?’ हेही विचारा. वळणावरचे मार्शल, वेळनोंद आणि पाण्याची टेबले यांवर मिश्र जोड्या नेमा, आणि प्रशिक्षण सर्वांना एकत्र द्या.

दुसरी अडचण वेळेची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचे बिनमोबदल्याचे काम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्यात जात होता. त्यातच अर्धमॅरेथॉनचे स्वयंसेवक पहाटे साडेतीनला हजर हवे असतात, आणि त्या वेळी गावातून बस नसते. एखादी मुलगी येत नाही तेव्हा तिला उत्साह नाही असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तिला न्यायला कोणी नसते. मंडळाने दोन गाड्या ठरवून बोरी, मडकई, कवळे अशा वाटेवरच्या गावांतून सर्वांना घेतले, तर तुमची यादी बदललेली दिसेल. मार्गावरील शौचालयांच्या चाव्या कोणाकडे आहेत हेही आदल्या दिवशी पाहून ठेवा.

कोणी तक्रार केली नाही, यावरून फारसे ठरत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये स्त्रिया बैठकीत फार बोलतात अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा शेकडो स्वयंसेवकांनी नावे मागे घेतली आणि मोरींना पद सोडावे लागले. आपल्याकडे प्रमाणपत्राच्या आशेने मुले गप्प बसतात.

एक गोष्ट मात्र मंडळाच्या बैठकीत आवर्जून मांडा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात विनामोबदला, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही ‘कर्मचारी’ ठरते, आणि स्टेडियम व स्पर्धेचे स्थळ हे ‘कामाचे ठिकाण’ ठरते. मंडळात दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, लेखी करता येते. त्या समितीचा दूरध्वनी क्रमांक स्वयंसेवकांच्या ओळखपत्रामागे छापून घ्या.