पिन, लग आणि बॉन्डेड कॉन्टॅक्ट

प्रश्न : पिनमध्ये अडकवलेल्या लगचं (भोक असलेल्या जोडपट्टीचं) संगणकावर स्टॅटिक अ‍ॅनालिसिस (स्थिर भाराखालचा हिशेब) करतोय. पिन २० मिमी, भोक २०.१ मिमी. दोघांमधला कॉन्टॅक्ट बॉन्डेड (चिकटवलेला) ठेवला की लगेच उत्तर येतं. फ्रिक्शनल (घसरू आणि सुटू शकणारा) करून घर्षणगुणांक ०.१५ दिला की सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) पहिल्याच सबस्टेपला (भाराच्या पहिल्या छोट्या टप्प्याला) थांबतो. आमचे सर म्हणतात, बॉन्डेडच राहू दे. राहू देऊ का?

उत्तर : नको. बॉन्डेड केल्यावर पिन भोकाला चहूबाजूंनी चिकटते. खऱ्या जोडात ती एकाच बाजूला दाबते, मागची बाजू सुटते. तुमच्या मॉडेलमध्ये मागची बाजूही भार ओढते आणि भोकाच्या कडांना, म्हणजे तडा जायची भीती असते नेमका तिथेच, स्ट्रेस कमी दिसतो. मला याचीच धास्ती वाटते. सरांना बॉन्डेड आणि फ्रिक्शनल अशा दोन्ही रनमधले कडांचे आकडे शेजारी ठेवून दाखवा. वेल्ड केलेल्या किंवा आपल्याला बघायच्या जागेपासून लांब असलेल्या जोडांना बॉन्डेड खुशाल वापरा.

आता सॉल्व्हर का थांबतो ते पाहू. पिन भोकाच्या मधोमध बसवली असणार. मग सगळीकडे ०.०५ मिमी फट राहते, काहीच कशाला टेकत नाही आणि भार दिल्यावर लग मोकळा सुटतो. घर्षणही टेकल्याशिवाय लागत नाही. कॅडमध्येच पिन भाराच्या दिशेने सरकवून भोकाला टेकवा. फट आपोआप बुजवणारा पर्याय इथे टाळा. पिन मधोमध असताना तो चहूबाजूंचा क्लिअरन्सच खाऊन टाकतो, त्यामुळे टेकलेला पट्टा खोटा रुंद होतो.

मेश (मॉडेलचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) तर आवर्जून बघा. भोकाच्या परिघावर १६ सरळ एलिमेंट असतील, तर प्रत्येकाचा मध्य खऱ्या वर्तुळापासून जवळजवळ ०.१९ मिमी आत येतो. तुमची फट ०.०५ची! म्हणजे पिन या आत आलेल्या मध्यांवरच अडते आणि सॉल्व्हरला सुरुवातीलाच नसलेला दाब दिसतो. ७२ एलिमेंट घेतले तर हीच चूक ०.०१ मिमीच्या आत येते. पिनवरही तेवढेच घ्या, जमलं तर क्वाड्रॅटिक (कडा वक्र होऊ शकणारे).

एवढं करून पहिला रन घर्षणाशिवाय घ्या. लग पिनभोवती फिरू नये म्हणून सिमेट्री किंवा आधार द्या. तो रन पूर्ण झाला की घर्षण घाला. मग पेनिट्रेशन (एक भाग दुसऱ्यात किती घुसतो ते) तपासा : ते लगच्या विकृतीच्या मानाने नगण्य हवं. जास्त असेल तर कॉन्टॅक्टचा कडकपणा थोडा थोडा वाढवा. एकदम वाढवलात तर कॉन्टॅक्ट लागतो-सुटतो करत राहील आणि रन पुन्हा अडेल.