वळणारा ट्रक आणि डावीकडची सायकल

प्रश्न : मी अशोक चौक परिसरात राहतो आणि गेली 22 वर्षे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यात सायकलनेच कामाला जातो. गेल्या महिन्यात चौकात थांबलेल्या, सुताच्या गाठी भरलेल्या एका ट्रकच्या डावीकडून मी पुढे निघालो असता तो ट्रक डावीकडे वळला आणि त्याचे मागचे चाक माझ्या पायडलला लागता लागता राहिले. सायकल टाकून मी पदपथावर उडी घेतली, म्हणून वाचलो. मी तर नियमाप्रमाणे डाव्या बाजूनेच चाललो होतो. मग माझे चुकले कुठे?
– एक यंत्रमाग कामगार, सोलापूर

उत्तर : आपण सुखरूप आहात, हे वाचून मोठा दिलासा वाटला. वळण्यापूर्वी डावीकडे कुणी आहे का, हे पाहण्याची जबाबदारी चालकाचीच आहे आणि आपल्या सावधगिरीमुळे ती कमी होत नाही. परंतु ‘सायकलने डाव्या कडेने चालावे’ ही लहानपणापासूनची शिकवण वळणाऱ्या मोठ्या वाहनाजवळ अपुरी पडते, कारण तिथे डावी कडच सर्वांत धोक्याची असते.

याचे एक कारण चालकाच्या जागेत आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे आणि उंचावर बसतो. त्यामुळे डाव्या दाराच्या खालचा भाग, तसेच समोरच्या काचेखालची काही फूट जागा त्याला थेट दिसत नाही, आणि आरशातही ती पूर्ण येतेच असे नाही. पूर्वी क्लीनर डावीकडून बाहेर डोकावून, पत्र्यावर थाप मारून चालकाला सावध करीत असे. आता अनेक ट्रकवर क्लीनरच नसतो.

दुसरे कारण चाकांचे आहे, आणि ते नीट समजून घेणे फार गरजेचे आहे. वळताना ट्रकचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागावरून जात नाही, ते वळणाच्या आतल्या बाजूने कापत जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर असलेल्या ट्रकचे पुढचे डावे चाक 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळले, तर त्याचे मागचे डावे चाक भूमितीच्या साध्या हिशेबाने दीड मीटरहून अधिक आत सरकते. म्हणजे पुढचे चाक आपल्यापासून हातभर लांबून गेले, तरी मागचे चाक थेट अंगावर येऊ शकते. शिवाय अरुंद चौकात डावीकडे वळण्यासाठी चालक आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. सायकलस्वाराला वाटते की आपल्याला वाट मोकळी करून दिली. प्रत्यक्षात ती जागा वळणासाठी काढलेली असते.

म्हणून थांबलेल्या ट्रकच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत कधीही शिरू नये, मग इंडिकेटर लागलेला असो वा नसो. तीन-चार मीटर मागे, चालकाच्या आरशात आपण दिसू अशा जागी थांबावे. आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, असेच धरून चालावे. आपण आधीच थांबलेलो असताना ट्रक शेजारी येऊन उभा राहिला, तर सायकल उचलून सरळ पदपथावर जावे; कामाच्या पाळीवर पोहोचायला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल. चालत्या ट्रकच्या बरोबरीने पायडल मारत राहू नये, वेग कमी करून त्याला पुढे जाऊ द्यावे. एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकांपाशी हेच वळण चौक नसतानाही घेतले जाते, तेव्हा तिथेही हीच सावधगिरी हवी. थांब्यासाठी डावीकडे येणाऱ्या बसच्या बाबतीतही हेच लागू आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तो संध्याकाळी होटगी रस्त्याने आसरा चौकाकडे शिकवणीला सायकलने जातो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची फार भीती वाटते. त्याला काय सांगावे?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : आपली भीती रास्त आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील, तर वळताना पहिली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आणि दुसरी पहिलीपेक्षा अधिक आतून जाते. त्यातच ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असल्यामुळे मागचे काहीच चालकाला दिसत नाही, आणि ट्रॅक्टरच्या आवाजात सायकलची घंटा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो. त्यामुळे अंधारात ट्रॅक्टरचे दिवे समोरून गेले की रस्ता मोकळा झाला असे वाटते आणि मुले सायकल पुढे काढतात, तेव्हा ट्रॉल्या यायच्याच असतात. चिरंजीवांना सांगावे की दिवे गेल्यावरही पाय जमिनीवरच ठेवावा आणि दुसऱ्या ट्रॉलीचे मागचे चाक डोळ्यांसमोरून गेल्यावरच निघावे. सायकलच्या मागे लाल दिवा किंवा प्रकाश परावर्तित करणारी पट्टी आजच लावून घ्यावी.