आयएसएल २०२५ च्या फायनलमध्ये बेंगळुरू एफसी आघाडीवर असताना कशी हरली? दोष चिंग्लेनसानाच्या हाताचा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बेंगळुरूचा डिफेंडर चिंग्लेनसाना सिंग, म्हणजे साना, याच्या हाताला चेंडू लागला नसता तर बेंगळुरू जिंकली असती का, आणि हरण्याचं खरं कारण काय. तुम्ही हेही लिहिलंय की फुटबॉल बघायला लागून तुम्हाला वर्षच झालं आणि ही तुमची पहिली फायनल. बेंगळुरूची ही चौथी आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल होती, समोर कोलकात्याचा मोहन बागान, आणि मी चारही बघितल्यात, त्यातल्या दोन मैदानात बसून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बेळगावचा. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही, आणि घाट उतरला की कोकणी. मराठी माणूस बेंगळुरूच्या संघामागे कसा, असं मला इकडचेही विचारतात आणि तिकडचेही. माझं उत्तर एकच आहे, सुनील छेत्री. २०१३ मध्ये हा क्लब निघाला आणि पहिल्याच हंगामात त्यांनी आय-लीग जिंकली, तेव्हापासून मी त्यांच्यामागे आहे. बेंगळुरू आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर आहे आणि गोव्यातलं फातोर्डाचं स्टेडियम तीन-साडेतीन तासांवर. त्यामुळे आमच्या गल्लीत अर्धी पोरं एफसी गोवाची आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. त्या दिवशी हनुमान जयंती होती. देवळात जाऊन, प्रसाद घेऊन आम्ही सातजण बेळगावच्याच शहापुरात एका मित्राच्या माडीवर जमलो. शेजारी माग चालू होता, त्याची खटखट भिंतीतून येत होती. मोबाईल टीव्हीला जोडलेला, त्यामुळे आमचं चित्र केबलवाल्यांपेक्षा अर्धा मिनिट मागे. ४९ व्या मिनिटाला रायन विल्यम्सनं उजवीकडून चेंडू आत टाकला आणि मोहन बागानच्या आल्बेर्तो रॉड्रिगेसच्या पायाला लागून तो त्यांच्याच जाळ्यात गेला. कोलकात्याचं भरलेलं सॉल्ट लेक एकदम गप्प झालं. आम्ही एवढे ओरडलो की माग बंद करून शेजारचे काका वर बघायला आले.

आणि मग, तुम्ही मॅच पुन्हा बघणार असाल तर ५० ते ७० ही वीस मिनिटं बघा. मी तेवढीच तीन वेळा बघितली आहेत. आमच्यातला एकजण शाळेत डिफेन्सला खेळलेला आहे, दहा मिनिटांतच तो म्हणाला, "मागं सरायलेत बघ. सगळे मागं सरायलेत." त्याला आम्ही गप्प बसवलं. पण तो बरोबर बोलत होता. गोल होईपर्यंत आपली बचावफळी बऱ्यापैकी वर उभी होती, चेंडू हिसकावला की पुढे पास जात होता. गोलनंतर ती फळी पावलापावलानं आपल्या बॉक्सकडे सरकत गेली. चेंडू मिळाला की नुसता उडवायचा, तो बागानच्याच माणसाला सापडायचा, पुन्हा हल्ला, पुन्हा उडवायचा.

७२ व्या मिनिटाच्या थोडं आधी शेजारच्या गच्चीवरून जल्लोष ऐकू आला. ती गोवावाल्यांची गच्ची. सहाच दिवसांपूर्वी आपण त्यांना सेमीफायनलमध्ये बाहेर काढलं होतं, त्यामुळे ते त्या रात्री बागानचे झाले होते. आमच्या टीव्हीवर तर चेंडू अजून मधल्या भागात होता. काहीतरी वाईट होणार हे कळलंय, काय ते मात्र अजून दिसायचंय, अशी ती काही सेकंदं सातजण कोणी काही बोलत नव्हतं. मग बागानच्या जेमी मॅकलारेनचा फटका सानाच्या हातावर आदळताना दिसला. पेनल्टी. जेसन कमिंग्जनं १-१ केलं. जादा वेळेत ९६ व्या मिनिटाला मॅकलारेननंच दुसरा मारला आणि २-१ नं सगळं संपलं.

आता पंचांबद्दल. माझ्या डोळ्यांना ती पेनल्टीच वाटली. हात अंगापासून लांब असेल आणि त्यामुळे शरीराची रुंदी अनैसर्गिकपणे वाढत असेल तर मुद्दाम लावला की चुकून लागला याला फारसा अर्थ राहत नाही, नियम तसाच आहे. त्या हंगामात आयएसएलमध्ये व्हीएआर, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय, नव्हती, म्हणून प्रत्येक हरलेल्या संघाला पंचांवर चिडायला जागा मिळायची. त्या रात्री आमच्यातलेही दोघे चिडले. मी चिडलो नाही, कारण हा शेवट मी आधी बघितला होता.

१७ मार्च २०१८. बेंगळुरूचा आयएसएलमधला पहिलाच हंगाम, साखळीत ४० गुण मिळवून पहिला नंबर, चेन्नईयिन ३२ गुणांवर दुसरी. फायनलही आपल्याच कंठीरवा स्टेडियमवर. आदल्या रात्री आम्ही चौघे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालो. नवव्या मिनिटाला छेत्रीनं गोल केला आणि शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचलून घेतलं. सतराव्या मिनिटाला कॉर्नरवरून मायल्सन आल्वेसनं डोक्यानं बरोबरी केली. हाफटाइमच्या तोंडावर पुन्हा कॉर्नर, पुन्हा आल्वेस, पुन्हा डोकं. ६७ व्या मिनिटाला राफाएल ऑगुस्तोनं तिसरा घातला. मिकूचा गोल जादा मिनिटांत आला तेव्हा उशीर झाला होता, २-३. रात्रीच्या बसनं परतलो. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी बेळगावात उतरलो तर घराघरावर गुढ्या उभ्या होत्या आणि आम्ही चौघे निळे शर्ट घालून, मान खाली घालून गल्लीत शिरत होतो. आईनं कडुनिंब हातात दिला, काही विचारलं नाही.

१८ मार्च २०२३, फातोर्डा. या वेळी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गाडीनं गेलो. समोर बागानच, तेव्हा एटीके मोहन बागान. शिवशक्ती पहिल्याच मिनिटांत जखमी होऊन बाहेर गेला आणि छेत्रीला लवकर यावं लागलं. १४ व्या मिनिटाला कॉर्नरवर आपल्याच रॉय कृष्णाच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी, बागानच्या पेत्रातोसचा गोल. हाफटाइमआधी छेत्रीनं पेनल्टीवरच बरोबरी केली. ७८ व्या मिनिटाला त्याच रॉय कृष्णानं हेडरवर २-१ केलं. बारा मिनिटं काढायची होती. सातच मिनिटांत, ८५ व्या मिनिटाला, आपल्या पाब्लो पेरेसनं बागानच्या कियान नासिरीला पाडलं आणि पुन्हा पेनल्टी, २-२. तो फाऊल बॉक्सच्या रेषेबाहेर होता असं मी आजही मानतो, आणि त्यावरून आमच्या गाडीत गोव्यातल्या साखळी गावापर्यंत भांडण चाललं. पण रेषेच्या आत की बाहेर हा वाद होण्याइतका चेंडू आपल्या बॉक्सजवळ आला कसा, हे त्या भांडणात कोणी विचारलं नाही. शूटआऊटमध्ये आपल्या ब्रुनोची पेनल्टी बागानचा गोलकीपर विशाल कैथनं अडवली आणि पेरेसनं बारवरून मारली. ज्यानं पेनल्टी दिली त्याचीच चुकली. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, ते मला अजून दिसतं.

आता हे तिन्ही एकत्र मांडून बघा. २०१८ मध्ये आघाडी आठ मिनिटं टिकली, २०२३ मध्ये सात, २०२५ मध्ये तेवीस. तिन्ही वेळा आपण पुढे होतो आणि तिन्ही वेळा हरलो. शूटआऊट सोडलं तर या तीन मॅचमध्ये आपण सात गोल खाल्ले. त्यातले दोन कॉर्नरवर, तीन पेनल्टीवर. खेळ चालू असताना झालेले फक्त दोन, ऑगुस्तोचा आणि मॅकलारेनचा. म्हणजे आपल्याला उघड्या मैदानावर कापून काढलेलं नाही कुणी. आपण आपल्या बॉक्समध्ये जाऊन बसतो आणि तिथं जे व्हायचं ते होतं.

हे कसं होतं ते सांगतो, कारण नवीन बघणाऱ्याला टीव्हीवर ते पटकन दिसत नाही. रविवारी सकाळी मी टिळकवाडीत लेले मैदानावर बारा-चौदा वर्षांच्या पोरांचा सराव घेतो. एकदा मुद्दाम करून बघितलं. चार डिफेंडरना सांगितलं की गोलपासून तीस पावलांवर उभे राहा. हल्ला करणाऱ्यांना त्यांच्या मागे पळावं लागत होतं, फटके लांबून येत होते आणि बहुतेक बाहेर जात होते. मग त्याच चौघांना पेनल्टीच्या खुणेपाशी उभं केलं. आता प्रत्येक फटका कुणाच्या ना कुणाच्या अंगावर. पाठ, मांडी, कोपर. एका पोरानं चेंडू चुकवायला तोंड फिरवलं आणि हात आपोआप वर आला. मी शिट्टी वाजवली. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी मुद्दाम नाही लावलो ओ." खरंच नव्हतं लावलं. तीन पावलांवरून आलेला चेंडू चुकवायला वेळच मिळत नाही. बॉक्समध्ये माणसं गोळा झाली की कॉर्नर वाढतात, पाडापाडी वाढते, हाताला लागणं वाढतं. सानाचा हात त्यातलाच.

आमच्या माडीवर निघालेली बाकीची कारणंही सांगतो. एक म्हणाला, पोरं दमली होती, पंधरा दिवसांत चौथी मॅच. हिशेब खरा आहे. साखळीत तिसरे आल्यामुळे आधी २९ मार्चला मुंबईशी बाद फेरी खेळावी लागली, मग २ आणि ६ एप्रिलला गोव्याशी सेमी, मग १२ ला फायनल. पण बागानची दुसरी सेमीफायनल ७ एप्रिलला होती, म्हणजे फायनलआधी त्यांना आपल्यापेक्षा एक दिवस कमीच विश्रांती मिळाली. दुसरा म्हणाला, सॉल्ट लेकच्या गर्दीनं घालवलं. मग २०१८ मध्ये कंठीरवाची गर्दी आपलीच होती की. तिसऱ्यानं कोचवर ढकललं. २०२५ ला कोच झारागोसा, २०२३ ला ग्रेसन, २०१८ ला रोका, तिघांच्याही फायनलला हेच झालं. चारही फायनल खेळलेले खेळाडू छेत्री आणि गुरप्रीत, बाकी संघ जवळजवळ पूर्ण बदलला, सवय तीच राहिली. याचं मला खरंच वाईट वाटतं.

उलट फातोर्डाची सेमी आठवा. घरी मुंबईला ५-० हरवलं, गोव्याला २-० हरवलं, आणि दोन गोलांची ती आघाडी घेऊन आपण फातोर्डात उतरलो. ४९ व्या मिनिटाला गोव्याच्या बोर्हानं गोल केला, ८८ व्या मिनिटाला सादिकूनं, आघाडी संपली. त्या दिवशी रामनवमी होती आणि शेजारच्या गच्चीवर फटाके लागले. आता वाचवायला काही उरलंच नव्हतं, पुढे जाणं भाग होतं, संघ पुढे गेला आणि ९२ व्या मिनिटाला चाळीस वर्षांच्या छेत्रीनं हेडर मारला. हीच पोरं, हेच पाय.

आणि जी एकच फायनल जिंकली ती, १७ मार्च २०१९, मुंबई फुटबॉल अरेना, समोर गोवा. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला. सांभाळायला तीन मिनिटं उरली होती. तेवढी सांभाळली.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: सानाच्या हाताला ७२ व्या मिनिटाला लागला नसता तर ७८ व्या मिनिटाला आणखी कुणाच्या तरी लागला असता, नाहीतर कॉर्नरवर कुणाचं तरी डोकं लागलं असतं. अठरा मिनिटं बाकी होती आणि आपण बॉक्समधून बाहेर यायलाच तयार नव्हतो. बरोबरीनंतर मात्र आपण पुन्हा वर खेळायला लागलो, तुम्हीही बघितलं असेल.

मॅच संपल्यावर फोनवर सानाला शिव्या घालणारे मेसेज यायला लागले. आमच्यातल्या एकानं तसलाच एक वाचून दाखवायला घेतला, तर तो डिफेन्सवाला मित्र उठला, त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि कट्ट्यावर उलटा ठेवला. "त्याच्या मागं कुणी नव्हतं आणि पुढंबी कुणी नव्हतं. एकटा काय करणार?" एवढंच बोलला. खाली माग पुन्हा सुरू झाला होता. कुंद्याचा डबा जिंकल्यावर उघडायचा म्हणून आणला होता, तो तसाच घेऊन आम्ही घरी गेलो.