घराण्याच्या इतिहासाचे कागद माझ्यानंतर कोणाच्या स्वाधीन करावेत?

आपण विचारले आहे की, पंचवीस वर्षे जमवलेली वंशावळ, टिपणवह्या आणि मोडी कागद यांत दोन्ही मुलांना रस नाही, तेव्हा हे सारे आपल्यानंतर रीतीप्रमाणे मोठ्या मुलाकडे जाऊ द्यावे की एखाद्या संस्थेला द्यावे. मोठा मुलगा आहे एवढ्याच कारणाने त्याला देऊ नका. हे मी ऐकीव माहितीवरून सांगत नाही.

माझे थोरले काका सातारा जिल्ह्यात शिक्षक होते. निवृत्तीनंतरची अठरा वर्षे त्यांनी आमच्या घराण्याचा माग काढण्यात घालवली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांची नावे त्यांनी उतरवून आणली, तहसील कचेरीतील जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहिल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलते करून त्यांच्या आठवणी कॅसेटांवर घेतल्या. या कामासाठी मी मोडी शिकले. शनिवारी मी त्यांच्याकडे जात असे. ते भिंग घेऊन वाचत, मी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहून घेत असे, आणि एखादे अक्षर दोघांनाही लागले नाही तर त्या एका शब्दावर आमची सबंध दुपार जाई.

शेवटच्या आजारपणात त्यांनी कागदांची ट्रंक माझ्या चुलतभावाच्या हवाली केली. मी तेथेच उभी होते. घराण्याचे कागद घराण्यातच राहावेत, असे ते म्हणाले, आणि मी त्या घराण्यातली नव्हते, कारण माझे लग्न झाले होते. आमच्या वंशावळीत मुलींची नावे नाहीतच. ती घालावीत म्हणून मी काकांशी अनेकदा वाद घातला होता आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो हसून टाळला होता. ते गेल्यावर तीन वर्षांनी चुलतभावाने घराची दुरुस्ती काढली, तेव्हा कागद रद्दीत गेले आणि कॅसेटा कचऱ्यात. पुष्कळ वर्षे मी त्याला दोष दिला. आता तितका देत नाही, कारण त्याला मोडीचे एक अक्षर येत नव्हते आणि त्या कागदांत काय आहे हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते. चूक काकांच्या निवडीत होती, हे मला आजही तितक्याच स्पष्टपणे म्हणायचे आहे.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, गावोगावी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि त्याच चुलतभावाचा मला फोन आला. मुलाच्या कुणबी जातीच्या दाखल्यासाठी त्याला पूर्वजाची नोंद हवी होती. माझ्याकडे मूळ कागद एकही नव्हता, परंतु माझी लिप्यंतराची वही होती, आणि काकांची शिस्त अशी की प्रत्येक उताऱ्याखाली गाव, कचेरी, रजिस्टरचे वर्ष आणि पान लिहिल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत. त्या एका ओळीवरून पणजोबांच्या भावाची जन्मनोंद तहसील कचेरीत सापडली. ज्या वंशावळीत माझे नाव नाही, ती त्या अर्जासाठी मीच लिहून दिली.

म्हणून कागद नात्याला देऊ नयेत, वाचणाऱ्याला द्यावेत. मराठ्यांच्या इतिहासाचे जुने कागद गावोगाव फिरून जमवणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची पत्नी आणि मुले फार लवकर गेली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले तेव्हा त्यांच्या संग्रहाला पोटचा वारस नव्हता, तरीही तो टिकला, कारण त्याचे मोल जाणणाऱ्या माणसांनी १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. तसे मंडळ आपल्यामागे कोणी काढणार नाही; पण भाची, नात, पुतणी किंवा सुनेच्या माहेरचे कोणी मोडी शिकत असेल तर वारस तेच आहे, आडनाव काहीही असो.

संस्थेला द्यायचे असेल तर जिवंतपणी आणि विचारून द्या. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जुन्या मूळ कागदांची किंमत कळते, परंतु अलीकडच्या टिपणवह्या आणि लग्नपत्रिका कोणतीही संस्था घेईलच असे समजू नका. सोबत यादी द्या आणि पोच घ्या. मृत्युपत्रात या कागदांचा स्वतंत्र उल्लेख करा आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही. स्वतः लिहिलेले अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणाला दिले, तर वेगळे काही लिहिलेले नसल्यास त्याचा कॉपीराइटही त्याच व्यक्तीकडे जातो, आणि पुढे पुस्तक काढायचे झाल्यास याला महत्त्व येते. संगणकावरची वंशावळ गेडकॉम या वंशावळींसाठीच्या सामाईक फाइल-स्वरूपात उतरवून ठेवा, म्हणजे ती दुसऱ्या प्रणालीतही उघडेल. गूगल खात्यावर फोटो असतील तर खाते निष्क्रिय झाल्यावर ते कोणाला मिळावेत, हे आजच नोंदवता येते.

माझी वही मी चुलतभावाच्या मुलीच्या नावे लिहून ठेवली आहे, आणि तिचे नाव वंशावळीतही घातले आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. दत्तकाची हकीकत, मोडलेले लग्न, कोणाचे आजारपण, असे जिवंत माणसांविषयीचे काही आपल्या टिपणांत असेलच. ते वेगळ्या पाकिटात घालून, कोणाच्या हयातीनंतर उघडावे हे त्यावर लिहा, आणि ज्या प्रती सर्वांना वाटाल त्यांतून ते वगळा. माझ्या वहीतली अशी चार पाने मी काढून वेगळी ठेवली आहेत.