अराजक वेगळं, अनागोंदी वेगळी

प्रश्न असा आलाय: सोमालियासारख्या देशाला मराठीत ‘नाजूक राज्य’ म्हणावं की ‘अयशस्वी राज्य’? नाजूक तब्येत असते, अयशस्वी उमेदवार असतो. बातम्यांत तर जिथे तिथे ‘अराजक’! चौकातला सिग्नल बंद पडला तरी अराजक. अहो, अराजक म्हणजे राजाच नाही. १९९१ साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बार्रे राजधानी मोगादिशूतून पळाला, त्यानंतरच्या काही वर्षांना हा शब्द बरोबर लागतो. पुढच्या काळासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे, अनागोंदी.

इथे ‘अन्’ हा नकार सोडवून उरलेल्या ‘आगोंदी’त सुव्यवस्था शोधणारे पंडित भेटतात. शोधोत बापडे. शब्द आलाय आनेगुंदीवरून. हंपीसमोर तुंगभद्रेपलीकडचं गाव ते. १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर मोडलं, आणि पुढे आनेगुंदीत त्या घराण्याची एक छोटीशी गादी उरली. सांगतात की तिथलं दफ्तर गेलेल्या साऱ्या मुलखाचा वसूल जमेला धरायचं आणि तेवढाच खर्ची टाकायचं! दंतकथा म्हणा हवं तर, पण काय नेमकी आहे! अनागोंदीत राजा असतो, शिक्का असतो, वह्या असतात. नसतो तो वसूल.

आता २००४चं सोमाली सरकार बघा. स्थापना केनियात. मायदेशी आलं तरी राजधानीत बसायची सोय नाही, म्हणून २००६ साली संसद भरली बैदोआत, धान्याच्या गोदामात. मंत्री होते, मान्यता होती, पैसा बहुतेक बाहेरचा. ज्याला रयतेकडून कर घ्यावा लागत नाही, त्याला रयतेची मनधरणी कशाला करावी लागेल? या दुखण्याला अराजक समजलं की औषध ठरलेलं: परिषद भरवा, आणखी एक सरकार बसवा.

उत्तरेला, सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडमध्ये उलट घडलं. १९९३मध्ये बोरामा गावी कुळांची वडीलधारी मंडळी महिनोन्‌महिने बसली, भांडणं मिटवली, मग सरकार ठरवलं. देश म्हणून जगाची मान्यता नव्हती, म्हणून परदेशी कर्जंही नव्हती. बर्बेरा बंदराची जकात आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा पैसा यांवर भागवायचं, आणि अर्थातच त्यांचं ऐकायचं.

हां, मूळ प्रश्न. अहवालात लिहायचंच असेल तर ‘दुबळं राज्य’ लिहा, आणि कशात दुबळं तेही लिहा: वसुलीत, न्यायनिवाड्यात की बंदोबस्तात.