एम. ए. नंतरच्या लेखनाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

एम. ए. उत्तम रीतीने पूर्ण झाल्याचे आणि यापुढे लेखनच करण्याचा निश्चय केल्याचे तुझे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. नोकरी शोधावी की कादंबरी हाती घ्यावी, आणि त्यासाठी पुण्याला जावे काय, असे तू विचारले आहेस. त्याआधी मला तुझ्या प्रबंधाविषयी लिहायचे आहे, कारण तो ‘एकदाचा संपला’ असे तू म्हणतेस आणि मला ते मान्य नाही.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या गीतांसाठी तू पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे धालो खेळण्याच्या जागी, बसलीस, बायकांची गाणी ध्वनिमुद्रित केलीस, दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन त्यांच्याशी बोललीस. त्यातले प्रबंधाच्या चौकटीत बसले तेवढेच परीक्षकांपुढे गेले. कोणते गाणे कोणी माहेराहून सासरी आणले, कोणत्या ओळीपाशी कोण थांबली आणि तिला ती ओळ कोणी पुरवली, सुनांना ही गाणी का येत नाहीत, हे सारे तुझ्या टिपणवह्यांत पडून आहे. लेखिका म्हणून तुझे खरे भांडवल ते आहे. ‘असे आढळून येते’ या प्रबंधाच्या भाषेत पाहणारी व्यक्ती दडून राहते. लेखात मात्र तुला स्वतः साक्षीला उभे राहावे लागेल. म्हणून कादंबरीचा विचार तूर्त बाजूला ठेवून, एकाही सिद्धान्तकाराचा आधार न घेता, हजार-बाराशे शब्दांचे तीन-चार लेख आधी लिही. ज्यांनी गाणी सांगितली त्यांची नावे छापण्यापूर्वी त्यांना पुन्हा भेटून विचार. अभ्यासासाठी दिलेली संमती वर्तमानपत्रासाठी गृहीत धरता येत नाही.

पुण्याला जायचे तर अवश्य जा, पण तेथे गेल्याने विषय मिळेल असे मानू नकोस. महादेवशास्त्री जोशी तुझ्याच सत्तरीतल्या आंबेडे गावचे. पुण्यात राहून त्यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे प्रचंड काम केले, तरी त्यांच्या कथांची भूमी गोमंतकच राहिली. तू येथे राहिलीस तर पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात नियमाने जा आणि गोव्यातील जुने मराठी लेखन वाच. आपल्या आधी येथे कोणी काय लिहून ठेवले आहे हे माहीत असणे मला अत्यावश्यक वाटते.

नोकरी मात्र धर, आणि त्यात लेखनाशी प्रतारणा होते असे मनात आणू नकोस. बाकीबाब बोरकरांनी शिक्षकी केली, पुढे आकाशवाणीत नोकरी केली, आणि त्या काळात त्यांची कविता थांबली नाही. हिशेब करून पाहा: समजा, अडीचशे रुपयांच्या पुस्तकाची ५०० प्रतींची आवृत्ती संपूर्ण खपली आणि मानधन दहा टक्के ठरले असले, तर हातात १२,५०० रुपये येतात, आणि एवढ्यासाठी दोन-तीन वर्षे गेलेली असतात. घरभाड्याची चिंता डोक्यावर असली की माणूस मिळेल ते आणि मागतील तसे लिहू लागतो. तुझ्या बाबतीत ते होऊ नये, अशी माझी कळकळ आहे. शाळा, वृत्तपत्राचा संपादकीय विभाग, भाषांतराचे काम, यांपैकी काहीही चालेल, फक्त दिवसाचा एक ठरावीक तास लेखनासाठी राखून ठेव.

कोणी पुस्तक काढायला तयार झाले तर तोंडी बोलण्यावर हस्तलिखित देऊ नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. मुदत, मानधन आणि भाषांतराचे हक्क ही कलमे शांतपणे वाचल्याशिवाय सही करू नकोस. नव्या लेखिकेला हे विचारण्याचा संकोच वाटतो, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच मजकूर ठरवू लागतात, तेव्हा पहिला लेख लवकर लिहून काढ. माहेरची गाणी सासरी घेऊन आलेल्या त्या वृद्ध बाईंविषयीच तो असावा, असे मला वाटते. खर्डा कच्चा असला तरी मृगापर्यंत माझ्याकडे पाठव. मी समासात खुणा करून आठवड्याभरात परत करीन.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

तुझे हितचिंतक,
सर